घोडेस्वारांची आगबोट

पडूका, ऑक्टोबर १८६४

बरेलदादा,

धाकट्या भावाचा नमस्कार. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे.

हे अक्षर माझं आहे. हसू नकोस. इथल्या छावणीत लॉकेटबाई म्हणून एक शिक्षिका आहेत. त्यांनी दोन हिवाळे माझ्या बोटांशी झुंज दिली, तेव्हा कुठं ती वळली. पत्र व्हायनीमावशी आणेल. ती अंडी विकायला हॅस्केलांच्या मळ्यापर्यंत जाते. मालकाच्या मुली शिकत असताना टेंपीवहिनी टेबलाखाली बसून अक्षरं शिकली, हे मला माहीत आहे. तिच्याकडून वाचून घे, पण दार लावून.

मी आता 'लार्कस्पर' नावाच्या लढाऊ आगबोटीवर आहे. उत्तरेची बोट, निळा अंगरखा, महिन्याचा पगार. नाव फुलाचं आहे, पण रूप नाही. लाकडी भिंती आणि त्यावर ठोकलेला पातळ पत्रा. खलाशी तिला 'डबा' म्हणतात. मी पुढं उभा राहून दोरी टाकतो आणि पाणी किती वाव खोल आहे ते ओरडून सांगतो. सुकाणूवाले ऑक्सलेसाहेब दमले, की चाक माझ्या हातात देतात. मालकाच्या बोटीवर मी हेच करत होतो, फक्त तेव्हा मजुरी मालकाच्या खिशात जायची.

आमची लढाईही विचित्र आहे. बोटीनं बोटीशी लढावं, असं आम्हांला वाटायचं. इथं बोट झाडांशी लढते. काठावरच्या वेताच्या रानातून दक्षिणेचे घोडेस्वार गोळ्या झाडतात. आम्ही तोफ वळवेपर्यंत घोडे टेकडीपल्याड गेलेले असतात. आम्ही रानाला तोफा मारतो, चार झाडं पडतात, आणि पुढच्या वळणावर तेच लोक पुन्हा हजर.

आता कामाचं. सायप्रसच्या धक्क्यावर आम्ही लाकूड भरायला थांबतो. टेंपीला आणि तुमच्या पोरीला, लेटीला, घेऊन तिथं ये. पळून आलेल्यांना कप्तान बोटीवर घेतात. मी विचारलं आहे.

निघताना तू माझा सदरा धरून ओढलास आणि मला पळपुटा म्हणालास. मी काय म्हणालो, ते तुझ्या लक्षात असेल. मी ते मागं घेत नाही. तूही घेऊ नकोस. पण ये.

आयसम


पडूका, इस्पितळ, नोव्हेंबर १८६४

बरेलदादा,

हे पत्र कुठं पाठवायचं, मला ठाऊक नाही. तरी लिहितोय. डावा खांदा बांधलेला आहे. उजवा हात मोकळा आहे, आणि मोकळा हात मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या सकाळी बोटीवर आपली गाठ पडली, तेव्हा तू सुकाणूघरात मला विचारलंस, "एवढ्या तोफा असून तुम्ही सापडलात कसे रे?" तेव्हा उत्तर द्यायला सवड नव्हती. आता ऐक.

आम्ही एका मालाच्या बोटीला सोबत करत नदीवर चढत होतो. वरच्या वळणापाशी रानातून तोफ सुटली. कप्तान म्हणाले, मागं फिरा. मागं फिरलो, तर ज्या खालच्या वळणावरून आत्ताच आलो होतो, तिथूनही तोफ सुटली. आम्हांला जाऊ देऊन त्यांनी दार लावून घेतलं होतं. मध्ये आम्ही, पिंजऱ्यातल्या उंदरासारखे. आमचे गोळे टेकडीच्या डोक्यावरून जायचे आणि त्यांचे आमच्या पोटात शिरायचे. एक वाफेच्या नळात घुसला. खाली भट्टीत लाकूड टाकणाऱ्या पोरांच्या किंकाळ्या मी अजून ऐकतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ऑक्सलेसाहेब चाकावरच गेले. माझ्या मांडीवर डोकं होतं. म्हणाले, "धारेत ठेव रे तिला." मी धारेत ठेवली. तेवढ्यात कप्तानांनी पांढरा चादरीचा तुकडा वर चढवला.

काठावरच्या घोडेस्वारांनी ओरडून गोऱ्या खलाशांना डेकवर ओळीत उभं केलं. आम्हां काळ्यांतले बरेचसे पाण्यात उडी मारून गेले, आणि घोडेस्वार काठावर उभे राहून त्यांना टिपत राहिले. बदकं टिपावी तसे. मी सुकाणूघरातून हललो नाही. शहाणपण नव्हतं ते. ऑक्सलेसाहेबांना तसं टाकून जाववेना.

आणि मग ते चढले. दादा, तू तो तमाशा नंतर पाहिलास, सुरुवात पाहिली नाहीस. बुटांना काटेरी टाचा तशाच, कमरेला तलवारी, डेकवर खणखण चाललेली. कर्नल ट्रॅस्क म्हणजे पांढऱ्या मिशांचा म्हातारा, पण जत्रेत आलेल्या पोरासारखा खुलला होता.

"पोरांनो, आजपासून आपण आरमार!"

एकानं विचारलं, "कर्नलसाहेब, हिला लगाम कुठं घालायचा?"

"शेपटीला घाल. हिचं पाणी कापायचं चाक शेपटीलाच आहे, सगळं तिथूनच चालतं."

दुसरा म्हणाला, "मी आपला काठानं घोड्यावरून येतो. बुडायची वेळ आली तर घोडा निदान पोहेल."

सगळे खदखदून हसले. तिकडे पाण्यावर माझ्या ओळखीचे अंगरखे तरंगत होते.

नळ दुरुस्त करायला त्यांनी आमच्याच मेस्त्रीला बंदूक लावून बसवलं. मग कर्नल वर आले. "चाक कोणाला येतं?"

मी म्हणालो, "मला."

"हिला खाली मॉर्टनच्या धक्क्यापर्यंत नेशील? तिथं उत्तरेची कोठारं आहेत, धान्याची, बुटांची. तोफा घेऊन आम्ही काठानं तुझ्या बरोबरीनं येऊ. नेलंस तर जगशील."

"नेतो, साहेब."

लोकांना वाटेल, जीव वाचवायला हो म्हणालो. जीव हवा होताच, खोटं का बोलू. पण ऑक्सलेसाहेबांचं रक्त अजून त्या चाकाच्या लाकडात ओलं होतं. मनाशी तिथंच ठरवलं, की ही बोट मी ह्या लोकांना लाभू देणार नाही. कशी, ते माहीत नव्हतं. नाही एवढं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ धरली. नदीवर धुकं होतं. मागच्या जिन्यावरून कॉफीचा वास आला, आणि मग तुझे पाय दिसले. पायरीवर आडवं पाऊल टाकायची तुझी ती रीत. कॉफीची किटली हातात, कमरेला पांढरं फडकं, आणि तुझ्या मागून धाकटे मालक, लेफ्टनंट हॅस्केल.

तू मला पाहिलंस आणि किटली जराही हलली नाही. ते मी विसरणार नाही.

मालकच ओरडले. "अरे, हा तर आपला आयसम! बघ बरेल, पळालेला माल आपल्या पायांनी परत आला."

"होय, मालक," तू म्हणालास.

"तू नदीकाठी वाढलास. ह्याच्याशेजारी उभा राहा. ह्यानं वाट चुकवली की मला सांग. सांगितलं नाहीस, तर तुझी टेंपी आणि ती पोरगी टेक्सासच्या बाजारात. कळलं?"

"कळलं, मालक."

ते खाली माणसांवर ओरडायला गेले. आपण दोघंच राहिलो. दोन वर्षांनी भेटलेले भाऊ काय बोलतात, मला माहीत नाही. आपण हे बोललो.

मी म्हणालो, "माझं पत्र मिळालं?"

"मिळालं. मागच्या आठवड्यात मालकाबरोबर घरी गेलो होतो. टेंपीनं वाचून दाखवलं."

"मग आला का नाहीस?"

"आलो की. हा काय उभाय."

"थट्टा करतोस? त्यांची भांडी घासतोस तू, दादा! लढाईत येऊन त्यांची भांडी!"

"घासतो." तू किटली कोपऱ्यातल्या शेगडीवर ठेवलीस. "मी भांडी घासतो म्हणून टेंपी अजून मळ्यावर आहे. थोरल्या मालकांनी शब्द दिलाय. मी धाकट्याला जेवू घालायचं, ते तिला विकणार नाहीत. माझ्या एकेका चमच्यावर ती एकेक दिवस राहिलीय तिथं. तुझा निळा अंगरखा छान आहे. त्यानं माझी पोर वाचली असती का, सांग."

मी चाक जरा सरळ केलं.

"आणि तू पळालास, तेव्हा त्यांनी मला विचारलं, तो कुठं गेला. नीट विचारलं, कोठारात नेऊन. मी सांगितलं नाही."

"हे मला ठाऊक नव्हतं."

"मी कुठं म्हणतो, ठाऊक होतं म्हणून. पुढं बघ, ओंडका आहे."

ओंडका होता. मी चाक फिरवलं. थोड्या वेळानं तू खालच्या आवाजात विचारलंस, "काय करणार आहेस?" मी तोंड उघडलं, तर तू हात वर केलास. "नको सांगू. मला कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल. त्याला माझं तोंड वाचता येतं. लहानपणापासून मीच त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय."

दादा, माझ्या मनात काय होतं ते तुला तेव्हाच समजलं होतं, असं मला वाटतं. हरणबेट जवळ येत होतं. उजवीकडची धार खोल, पण काठाला लागून, म्हणजे थेट कर्नलच्या तोफांखाली. डावीकडची रुंद, दिसायला सरळ, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तोंडाशी वाळूचा दांडा वर आलेला. तिथं आगबोट शिरली की रुतलीच. आणि मध्ये बेटाची झाडी, म्हणजे काठावरच्या तोफांना आम्ही दिसणार नाही. खालच्या अंगाला मॉर्टनच्या धक्क्यापाशी उत्तरेच्या लढाऊ बोटी नेहमी नांगरून असायच्या. त्यांना मात्र आम्ही समोर.

पण तू शेजारी होतास. तू बोललास तर मी मेलो. नाही बोललास तर टेंपी गेली. मी खूप विचार केला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी चाक डावीकडे टाकलं.

लेफ्टनंट दारात आले. "डावीकडून का? कर्नल उजव्या काठाला आहेत."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी पिस्तूल काढलं आणि तुझ्याकडे वळले. "बरेल. हीच वाट का?"

नदी ऐकू येत होती, मागचं पाणी कापणारं चाक ऐकू येत होतं. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही.

"हीच, मालक. उजवीकडं ओढ्यानं यंदा झाडं आणून टाकलीत, तळ फाटेल. आम्ही लहान असताना ह्याच वाटेनं मासे धरायला यायचो."

इतक्या सरळ आवाजात बोललास, की घटकाभर मलाच वाटलं, डावीकडे खरंच पाणी असेल.

लेफ्टनंटनं पुढं ओरडून विचारलं, "पाणी किती?"

पुढं माझ्या जागी दोरी घेऊन एक घोडेस्वार उभा केला होता. त्यानं दोरी वर ओढली, नीट निरखली आणि ओरडला, "ओली आहे, साहेब!"

"किती खोल, गाढवा!"

"पुष्कळ ओली आहे!"

मी खाली घंटा दिली, पूर्ण वाफ. मेस्त्री आमचा होता. त्यानं एक शब्द न विचारता पूर्ण वाफ सोडली.

दांडा लागला, तेव्हा बोटीनं खोल श्वास घेतल्यासारखं केलं आणि पुढची बाजू वर उचलली. एक धुराडं मोडून डेकवर आडवं झालं. तलवारी, टाचा, माणसं, सगळं एका ढिगात. नेमकं तेव्हाच धुकं फाटलं आणि खालून आपल्या बोटींचा पहिला गोळा आला. पलीकडच्या काठावर कर्नल घोडा नाचवत होता, ओरडत होता, पण बेटाच्या झाडीतून त्याला गोळा टाकता येईना. त्याचं आरमार कमरेएवढ्या पाण्यात उतरून पळत होतं. बंदुका डोक्यावर धरून.

लेफ्टनंट पळाले नाहीत. पिस्तूल माझ्या छातीवर होतं. ते म्हणाले, "आमच्या अन्नावर वाढलास, आयसम."

आणि तू किटली फेकलीस, झाकणासकट. उकळती कॉफी त्यांच्या मनगटावर सांडली आणि गोळी छाती सोडून खांद्यात गेली. ते जिन्यावरून गडगडत खाली गेले. मेले नाहीत, शिव्या ऐकू येत होत्या.

"पोहता येतं ना अजून?" तू विचारलंस.

"दादा, चल! बोटी समोर आहेत, शंभर हात पोहलं की सुटलो!"

"माझी माणसं तिकडं नाहीत." तू उजव्या काठाकडे हनुवटी केलीस. "धाकट्याचा घोडा तिथं कर्नलच्या माणसांकडं आहे. तो हे सगळं सांगायला मळ्यावर पोचायच्या आधी मला पोचायचंय."

"पकडतील तुला."

"कोण? मी धाकट्या मालकांचा स्वयंपाकी. मालकांनी घोडा आणायला पाठवलंय." तू फडकं कमरेला घट्ट केलंस. "उडी मार रे. किती बोलतोस."

मी डावीकडं उडी घेतली, तू उजवीकडं. पाणी सुरीसारखं गार होतं. आपल्याच माणसांनी माझ्यावर दोन गोळ्या झाडल्या, मी ओरडून नाव सांगितलं तेव्हा थांबले. मला वर ओढताना मी मान वळवून बेटाच्या टोकापलीकडं पाहिलं. तू काठ चढत होतास, मोठ्या तांबड्या घोड्यावर, चिंब भिजलेला, आणि ते पांढरं फडकं तसंच कमरेला. वाटेतला शिपाई बाजूला सरला, तुला जागा द्यायला.

बोट आम्हांला परत मिळाली. कोठारं वाचली. कप्तानांच्या जागी आलेले साहेब माझा हात धरून पुष्कळ बोलले. मी म्हणालो, दोघांचं काम होतं, दुसऱ्याचं नाव बरेल. त्यांनी मान हलवली. नाव लिहून घेतलं नाही. म्हणून मी लिहून ठेवलं आहे.

आयसम


पडूका, मे १८६५

ज्या ज्या चर्चमध्ये हे पत्र पोचेल, तिथल्या पाद्रीबाबांना विनंती की प्रार्थना संपल्यावर, माणसं उठायच्या आधी, हे मोठ्यानं वाचावं.

मी माझ्या भावाला शोधतो आहे. नाव बरेल, टेनेसीच्या हॅस्केल मळ्यावरचा. उंच, रंगानं माझ्याहून काळा. डाव्या पायाचं एक बोट नाही. पायरीवर पाऊल आडवं टाकतो. भजनात सूर सोडतो आणि ते त्याला कळत नाही. लष्करात स्वयंपाकी होता, पण मक्याची भाकरी खालून करपवतो आणि वरून कच्ची ठेवतो. अशा माणसाला कोणी पाहिलं असेल, तर पडूकाला आयसमच्या नावानं कळवावं.

आणि बरेलदादा, तू ह्यातल्या एखाद्या चर्चमध्ये बसला असशील, तर हे तुझ्यासाठी.

टेंपीवहिनी आणि लेटी माझ्याकडे आहेत. नाताळाच्या आधी पोचल्या, डोंगीतून, पांघरुणाखाली अंडी झाकतात तशी व्हायनीमावशीनं झाकून आणलेल्या. वहिनीनं सगळं सांगितलं. तू मळ्यावर पोचलास, थोरल्या मालकिणीला म्हणालास, "धाकट्या मालकांना ताप आहे, शुश्रूषेला टेंपी हवी," आणि त्या बाईनं स्वतः तिला शाल दिली. नदीपाशी आलात, तेव्हा मागच्या रस्त्यावर धूळ दिसली. डोंगीत मावशीखेरीज दोघींपुरतीच जागा होती. तू डोंगी ढकललीस आणि घोडा धुळीकडे वळवलास, म्हणजे ते तुझ्यामागं लागतील. वहिनीनं हाक मारली, तर म्हणालास, "घोडा चांगला आहे, असा परत द्यायला जीव होत नाही. थोडा फिरवून आणतो."

त्याला आता सहा महिने झाले. लढाई संपली. गुलामगिरी गेली. लोक रस्त्यांवरून चालत आहेत, प्रत्येक जण कोणाला तरी शोधतो आहे. वहिनी धुणी धुते, रडताना मी तिला पाहिलेलं नाही. रोज येणाऱ्या बोटींवर जाते आणि उतारूंना विचारते. लेटी वाचायला शिकते आहे.

मला एका मालाच्या आगबोटीवर चाक मिळालं आहे. पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक धक्क्यावर उतरून तुझं नाव घेणार आहे. ही नदी संपली की दुसरी. नद्या संपल्या की पायी. मेलास असं कोणी सांगितलं, तर मी थडगं पाहिल्याशिवाय मानणार नाही, आणि थडगं दाखवलं, तर ते तुझंच कशावरून, हे विचारीन. मी किती चिवट आहे, तुला माहीत आहे.

आयसम


सेल्मा, अलाबामा, जुलै १८६५

आयसम,

हे मी सांगतो आहे आणि पाद्रीबाबांची मुलगी लिहिते आहे. ती मध्येमध्ये हसते. तिला दटावलं आहे.

तुझं पत्र रविवारी वाचलं. मी मागच्या बाकावर होतो. बोटाचं आलं, तेव्हा मी पाय बाकाखाली घेतला. सुराचं आलं, तेव्हा पुढच्या चार जणांनी वळून पाहिलं. भाकरीचं आलं, तेव्हा अख्खी मंडळी माझ्याकडे बघून हसत होती, कारण शनिवारी त्यांना जेवण मीच घातलं होतं. दोनशे माणसांसमोर भावाची अब्रू काढायला तुला बाईंनी लिहायला शिकवलं का?

मग टेंपीचं नाव आलं. पोचल्या म्हणून आलं. त्यानंतर पाद्रीबाबांनी काय वाचलं, मी ऐकलं नाही. मला बाहेर नेऊन पाणी पाजलं. उरलेलं ह्या मुलीनं संध्याकाळी पुन्हा वाचून दाखवलं, तीन वेळा.

माझं थोडक्यात. घोडा दोन दिवस टिकला. गोळी त्याला लागली, मला नाही. फाशी देणार होते, पण त्यांना मजूर कमी पडत होते, म्हणून साखळी घालून इथं पाठवलं, शहराभोवती मातीचे बुरूज बांधायला. एप्रिलमध्ये निळे आले आणि आम्ही बांधलेल्या बुरुजांवरून अर्ध्या दिवसात आत शिरले. एवढं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि एवढं समाधानही कधी वाटलं नव्हतं. मग तापानं पाडलं. चर्चच्या लोकांनी खाऊ घातलं. म्हणून आता मी त्यांना घालतो.

टेंपीला मी शोधलं नाही, असं तिला वाटू देऊ नकोस. साखळी निघाली त्या दिवशी निघालो होतो. दुसऱ्या गावात पडलो. उचलून परत आणलं.

पळालास त्या दिवशी तू मला काय म्हणाला होतास, ते माझ्या लक्षात आहे. मालकाचा कुत्रा म्हणाला होतास. तू मागं घेत नाहीस म्हणतोस, तर नको घेऊस. मीही घेत नाही. पळपुटाच आहेस. पण त्या बेटापाशी तू चाक डावीकडं टाकलंस, आणि मला विचारलं नाहीस, मी काय बोलेन म्हणून. विचारलं असतंस तर मी तुला तिथंच बुडवलं असतं.

आता नीट ऐक. मला शोधायला अजिबात यायचं नाही. तू नद्यानद्यांतून भटकत राहशील, मी तिथं पोचेन, तर तू नाही, मग मी तुला हुडकायला निघायचं का? आपले जन्म असेच जायचे. चाक दुसऱ्याच्या हातात दे आणि घरी बस. टेंपीला सांग, रोज बोटींवर जाऊ नकोस, मी बोटीनं येणार नाही. माझ्याकडे भाडं नाही, आणि खरं सांगायचं तर आगबोटीचा मला कंटाळा आला आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या रस्त्यावर लक्ष ठेवा म्हणावं.

साखळीनं झालेली पायाची जखम भरली आहे. मंडळींनी बूट दिले आहेत, एक मोठा आणि एक लहान. पिशवीत चार दिवसांच्या भाकऱ्या आहेत, मी केलेल्या, तेव्हा त्या कोणी चोरणार नाही.

ही मुलगी विचारते आहे, अजून काही लिहायचं का. नाही, म्हटलं, बाकीचं मी तोंडानं सांगीन. ती लेखणी खाली ठेवेल, तसा मी उठेन.

बरेल